नियम पाचवा आणि बाबांचा किल्ट

पोर्टेरन, ९ मे १९९४

इनिस,

अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही लिहिली नाहीस. मिरियम, वहिनीचं नातं सांभाळून, दर नाताळला कार्ड पाठवते. त्यावर तुझं नाव तिच्याच अक्षरात असतं. म्हणून पत्ता माझ्याकडे आहे, आणि तू डुनेडिनमध्ये अजून हिंडतो-फिरतो आहेस हेही कळतं. तिला सांग, सगळी कार्डं मी जपून ठेवली आहेत.

लिहायचं कारण सिरिल. तो बरा आहे, आधी तेच सांगते. मार्चमध्ये बंदरात डॉडच्या बोटीचं इंजिन उघडत असताना उकळतं पाणी त्याच्या अंगावर आलं. उजवी मांडी भाजली, गुडघ्याच्या वरपासून जांघेपर्यंत. इस्पितळात डाव्या मांडीची कातडी काढून उजवीला लावली. म्हणजे आता दोन्ही सोललेल्या. डॉक्टरीणबाईंनी सोडताना बजावलं की रोज चालायचं, भरपूर चालायचं, पण मांडीला कापड घासता कामा नये. पँट नाही, हाफ पँटही नाही.

"मग काय घालून चालू?" सिरिलने विचारलं.

"तुम्ही स्कॉटलंडमध्ये राहता, मिस्टर ब्लँचर्ड," त्या म्हणाल्या. "आता हेही मीच सांगू का?"

तुला ठाऊक आहे, तो इंग्रज, ग्रिम्सबीहून इथे आला त्याला चौतीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत त्याने कधी किल्ट अंगाला लावला नाही. आमच्या लग्नातही नाही. मी गावातल्या निम्म्या पुरुषांचे किल्ट शिवले, आणि माझा नवरा चर्चमध्ये करड्या पँटमध्ये. म्हणायचा, तुमचं ते तुम्हाला शोभतं, मी घातला तर नाटकातला दिसेन. आता तो माझा फुलाफुलांचा झगा घालून मागच्या गल्लीत फेऱ्या मारत होता. शेजारच्या एफीचा कुत्रा रोज त्याच्यामागे भुंकत जायचा. तिसऱ्या दिवशी त्याने फिरणंच बंद केलं आणि खिडकीशी बसून राहिला. बुधवारी डॉड आणि बाकीचे गोल्फ खेळायला आमच्या दारावरून गेले, तेव्हा त्याने पडदा ओढून घेतला.

मग मी माळ्यावरून बाबांचा किल्ट काढला.

बाबांनी जाताना तो सिरिलला ठेवला होता. त्यावरूनच तुझंमाझं फाटलं, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. अकरा वर्षं तो पेटीतच होता. सिरिल म्हणायचा, इनिसला वाईट वाटलं आहे, तो हयात असेपर्यंत मी हा घालणार नाही. या वेळी मीच हट्ट केला. बकलं सरकवल्यावर कमरेला बेताचा बसला, लांबी नेमकी गुडघ्याच्या मध्यावर. मांडीला कुठे स्पर्श नाही, आणि मागे आठ वारांच्या निऱ्यांचं वजन असल्यामुळे वाऱ्याने उडत नाही. आरशासमोर तो बराच वेळ उभा राहिला. हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही.

परवाच्या बुधवारी तो हा घालून मैदानावर जाणार आहे. इथलं वर्तमानपत्र तुला टपालाने येतं असं मिरियमने एकदा लिहिलं होतं. तिथे वाचण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठीच हे पत्र. परवानगी मागत नाही, फक्त कानावर घालते आहे.

इशबेल

पोर्टेरन, २ जून १९९४

इनिस,

तुझं उत्तर नाही. मी धरलंही नव्हतं. पण झालेलं तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि यातला एक माणूस तुझ्याच वर्गातला आहे.

आर्ची फार्कर आता क्लबचा कप्तान आहे. औषधाचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून सगळा दिवस मैदानावरच असतो. बुधवारी सिरिल, डॉड आणि आणखी दोघे पहिल्या टीवर, पहिला फटका मारायच्या जागी, उभे होते. सिरिलने लोकरीचे मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, वर माझा विणलेला स्वेटर, दाढी गुळगुळीत. कमरेची चामडी पिशवी मी मुद्दामच काढून ठेवायला लावली होती, फटका मारताना ती मधे येते. आर्ची खिडकीतून पाहत होता, तो बाहेर आला. म्हणाला, सिरिल, माफ कर, पण नियम पाचवा.

नियम पाचवा असा: पुरुष खेळाडूंनी नीट शिवलेली पँट घालावी, किंवा गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांसह हाफ पँट. त्यापलीकडचं काहीही चालणार नाही.

डॉड तिथेच तापला. त्याचा आवाज बोटीवरचा, तो बंदरापर्यंत ऐकू जातो. म्हणाला, स्कॉटलंडमधल्या मैदानावर स्कॉटलंडचा माणूस एका इंग्रजाला किल्ट घालू देत नाही, हे माझ्या आजोबांना थडग्यात कळलं तर ते उठून येतील. आर्ची लाल झाला. सिरिलने मात्र काठ्यांची पिशवी खांद्याला लावली, आर्चीला म्हणाला की नियम तो नियम, आणि घरी आला. मला म्हणाला, हवा जरा गार होती.

खरं काय ते डॉडकडून कळलं. मी सरळ आर्चीच्या घरी गेले. त्याने चहा दिला, ओटची बिस्किटं दिली, आणि अपराधी चेहऱ्याने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावचं लग्नाचं वऱ्हाड भाड्याचे किल्ट घालून थेट मैदानावर आलं होतं. प्यालेले होते. एकाने मोज्यात खोचायच्या सुरीने हिरवळीवर नवऱ्यामुलाचं नाव कोरलं. आणि अठराव्या होलजवळ, जिथे वारा थेट समुद्रावरून येतो, तिथे दोघांनी खाली काहीच घातलेलं नव्हतं हे समोरून येणाऱ्या बायकांच्या मंडळाला नको तितकं स्पष्ट दिसलं. त्याच आठवड्यात आर्चीने नियम पाचवा लिहिला. "मी सिरिलसाठी तो लिहिला नव्हता, इशबेल," तो म्हणाला. "पण एकासाठी मोडला की मोडलाच."

मला त्याचा राग येईना, ही पंचाईत झाली. घरी येऊन क्लबची नियमावली काढली. पान उलटलं तर नियम सहावा: महिला खेळाडूंनी पँट किंवा गुडघ्यापर्यंत लांबीचा घागरा घालावा.

इनिस, तू मला ओळखतोस.

शुक्रवारी सकाळी मी बाबांचा किल्ट नेसले. माझ्या अंगाभोवती तो दीड वेळा फिरला, चार मोठ्या पिना लावाव्या लागल्या. नऊ होल खेळायची माझी वेळ लिहून ठेवली होतीच. आर्ची दारातच उभा होता. त्याने टोपी उचलली, हवा छान आहे म्हणाला, आणि माझा घागरा फार सुरेख दिसतो असंही म्हणाला. मी त्याचे आभार मानले. मग म्हटलं, "आर्ची, बुधवारी तू हाच परत पाठवलास. लांबी तीच, कापड तेच. फरक एवढाच की मला पिना लावाव्या लागल्या आणि त्याला नाही."

तो निऱ्यांकडे पाहतच राहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि इतका हसला की आतला स्वयंपाकी बाहेर डोकावला. हसून झाल्यावर म्हणाला, सोमवार, वीस जून, समितीची बैठक. सगळ्यांसमोर मांडा. मी एकटा बदलू शकत नाही, पण आडवाही येणार नाही.

मी त्या दिवशी चौथ्या होलवर तीन फटक्यांत चेंडू घातला. तिथे मला कधीच पाचाखाली जमलं नव्हतं.

इशबेल

पोर्टेरन, २४ जून १९९४

इनिस,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं उतरेल तसं पाठवते.

सोमवारी बैठक झाली. धुरावलेल्या माशाचं सूप होतं, माणसं खूप आली होती. डॉड बोलला आणि त्याला दोनदा हळू बोलायला सांगावं लागलं. खाली काय घालावं यावर बराच वेळ गेला, कारण ते नियमात कसं लिहायचं हे कुणालाच सुचेना. शेवटी एफी उठली, ती आता बायकांच्या मंडळाची प्रमुख आहे. म्हणाली की आमच्या घागऱ्याखाली काय असतं हे या क्लबने शंभर वर्षांत कधी विचारलं नाही आणि आम्हीही काही आपत्ती ओढवली नाही, तेव्हा पुरुषांवरही एवढा भरवसा टाकायला हरकत नसावी. तिथे बराचसा प्रश्न मिटला.

मग सिरिल उठला. त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"हा किल्ट माझ्या सासऱ्यांचा," तो म्हणाला. "त्यांनी या मैदानाचं गवत एकतीस वर्षं कापलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी तुम्ही नोकरांना खेळू देत होता, तेव्हा ते हाच घालून खेळायचे. मी इंग्रज आहे. गावात मला अजून इंग्रजच म्हणतात, त्यात वाईट काही नाही. पण हा त्यांनी मला ठेवला असं इशबेलने सांगितलं, त्या दिवशी वाटलं की या घराने मला आपला मानलं. नियम नाही म्हणत असेल तर मी खेळणार नाही. एवढंच सांगायचं होतं."

आर्चीने चष्मा पुसला. सगळे हात वर गेले, आर्चीचाही. नियम पाचव्यात आता किल्ट आहे, मोज्यांसह आणि सुरीशिवाय. वर्तमानपत्राचा माणूस तिथे होता. सिरिलचे शब्द त्याने जसेच्या तसे छापले आहेत, तुझ्याकडे अंक पोचेलच.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला हात उचलवेना.

बाबांनी तो सिरिलला ठेवला नव्हता.

तू विमानातून उतरलास त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी त्यांना सूप भरवत होते. ते म्हणाले, "किल्ट इनिसला दे." एवढंच. दोन वर्षं मी त्यांचं सगळं केलं होतं, उठवणं, बसवणं, धुणं. मी वाट पाहिली की आता पुढे माझ्यासाठीही काही म्हणतील. ते डोळे मिटून पडून राहिले. आणि तो किल्ट मी शिवलेला होता, इनिस. मी एकोणीस वर्षांची असताना, शिवण शिकवणाऱ्या बाईंच्या हाताखालून सुटल्यावरचा माझा पहिला पूर्ण किल्ट. मागच्या प्रत्येक निरीवर चौकडीची रेघ रेघेला जुळावी म्हणून मी तो चारदा उसवला होता. शिवला मी, आणि तो जाणार पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथून तू वीस वर्षांत दोनदा आलास. दफनानंतर तू विचारलंस, बाबांनी किल्टचं काय सांगितलं. तू नुसतं विचारलं होतंस. माझ्या तोंडून गेलं, सिरिलला ठेवलाय.

माझ्यासाठी ठेवला असं सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला नसतास. म्हणून सिरिलचं नाव घेतलं. नंतर ते मागे घ्यायला मला रोज वेळ होता, अकरा वर्षं. दर वर्षी ते जास्त अवघड होत गेलं, आणि तू गप्प होतास म्हणून सोपंही.

मंगळवारी सकाळी सिरिलला सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्याने मला काहीच ठेवलं नव्हतं." मी म्हटलं, नाही. तो माझा फुलाफुलांचा झगा घालून मागच्या गल्लीत गेला आणि दुपारपर्यंत फिरत राहिला. परत आला तो आर्चीकडे जाऊनच. त्याला त्याने स्वतः सगळं सांगितलं होतं, झग्यातच. आर्ची म्हणाला की नियम कापडाबद्दल आहे, कुणी कुणाला दिलं याबद्दल नाही, तेव्हा तो राहील. सिरिलने किल्ट घडी करून पेटीत ठेवला. आता मैदानावर जायला मोकळा आहे आणि जात नाही. माझ्याशी बोलतो, जेवतो, भांडी पुसतो. पण मधेच थांबून माझ्याकडे पाहतो, जसं नव्या शेजाऱ्याकडे पाहावं.

काल त्याने मला म्हटलं, इनिसला लिही. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी लिही.

हे लिहिलं. तुला जे वाटेल ते वाटू दे.

इशबेल

पोर्टेरन, २९ ऑगस्ट १९९४

प्रिय इनिस,

तुझं पत्र जुलैच्या मध्यावर आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. मी ते स्वयंपाकघरात बसून सिरिलला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं, एक शब्द न गाळता. तिसऱ्या पानावर तू मला चोर म्हटलं आहेस आणि खाली दोन रेघा ओढल्या आहेत. सिरिल म्हणाला, बरोबर आहे. मीही म्हटलं, बरोबर आहे. तुझी मुलं बाबांच्या किल्टशिवाय मोठी झाली, त्यांची लग्नं त्याच्याशिवाय झाली, हे मी कधी मनात आणलंच नव्हतं. ते वाचताना मला थांबावं लागलं. पुढचं सिरिलने वाचलं.

पण चार पानं होती, इनिस. अकरा वर्षांनी चार पानं शिव्या आल्या तर माणूस त्या खिशात घालून हिंडतो. मी हिंडले.

शेवटच्या पानावर तू जे लिहिलंस ते तू रागात लिहिलंस, मला लागावं म्हणून. लिहिलंस की बाबा वर्षाच्या पहिल्या दिवशी पहिल्या टीवर प्रत्येक माणसाकडे पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, मोजा, एक रेघ सरकलेली दाखवा, माझ्या पोरीने शिवलाय. की तुला दरवर्षी तिथे उभं राहून ते ऐकावं लागायचं, आणि तुझ्या कुठल्याच गोष्टीसाठी त्यांनी कुणाकडे अशी पाठ केली नाही. की म्हणूनच तो तुला हवा होता.

पुरुषांच्या टीवर त्या काळी आम्हा बायकांना उभं राहू देत नसत. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांनी मला फक्त एवढं म्हटलं होतं, "बसतो बरा."

तुझं ते पाठ करून उभं राहण्याचं वाक्य मी सिरिलकडून दोनदा वाचून घेतलं. आपण दोघंही एकाच माणसाकडून एकच गोष्ट मागत होतो, आणि तो मात्र ती गवत कापणाऱ्या आणि गोल्फ खेळणाऱ्या लोकांना सांगत बसला होता.

सगळ्यांत खाली, सहीच्याही खाली, तू विचारलंस: "इंग्रजाची मांडी कशी आहे? त्याला असा उघडा ठेवू नकोस. गावाचे शिवतेस तर त्याला एक शिव." त्यावर सिरिल हसला. बैठकीनंतर पहिल्यांदा.

म्हणून शिवला. आपल्या घराण्यांसारखी त्याच्या घराण्याची कुठली चौकडी नाही, आणि उसनी त्याला नको होती. गडद निळी लोकर घेतली, कोळ्यांच्या स्वेटरच्या रंगाची, एकरंगी. माप घेताना तो इतका लाजला की मला वाटलं आत्ताच आमचं लग्न ठरतंय. चौकडी नसली की रेघ जुळवायची नसते, पण चुकलेली निरी लगेच दिसते. साडेतीन आठवडे लागले. हातानेच शिवला सगळा. या वेळी उसवला नाही. त्याने घातला, मागे वळून पाहायचा प्रयत्न केला, आणि विचारलं की हा नक्की कुणी कुणाला ठेवला आहे ते सांग. म्हटलं, मी, तुला, माझ्या शुद्धीत. तो म्हणाला, लिहून दे. लिहून दिलं, त्याने ते पाकिटात ठेवलं आहे.

आता तो दर बुधवारी जातो. डॉड त्याला "सरदार" म्हणतो आणि दर वेळी हरवतो. गेल्या आठवड्यात चौघांतला एक आजारी होता म्हणून आर्ची त्यांच्याबरोबर खेळला. बाराव्या होलवरच्या काटेरी झुडपांत आर्चीची पँट फाटली. सिरिल म्हणतो की त्याने काहीही शेरा मारला नाही, नुसता उभा राहिला. पुढच्या बैठकीला आर्ची स्वतः किल्टमध्ये येतो की काय अशी पैज लागली आहे. डॉक्टरीणबाईंनी पँटची परवानगी देऊन पंधरा दिवस झाले. सिरिलला विचारलं तर म्हणतो, अजून जरासं खाजतं.

आणि माझ्याकडे तो आता पूर्वीसारखाच पाहतो. थोडं लक्ष ठेवून, पण पूर्वीसारखाच.

बाबांचा किल्ट या पत्रासोबतच्या खोक्यात आहे. देवदाराचे तुकडे घातले आहेत, काढू नकोस, कसर लागत नाही. धुऊ नकोस, वाऱ्यावर टांग. निऱ्यांचे टाके मी तपासले, एकच सैल झाला होता, तो घेतला. बाकी जे आहे ते माझ्या एकोणिसाव्या वर्षातलं आहे.

उघडशील तेव्हा तुला दिसेल की त्याला बकलं नाहीत. सिरिलच्या मापासाठी मी ती सरकवली होती, आता तिन्ही उसवून घेतली आहेत. तुला बंद होणार नाही. तिथल्या कुठल्या शिंप्याकडे नेऊ नकोस. आजवर मी कुणाचीही बकलं टपालाने आलेल्या मापावर लावलेली नाहीत, कारण पुरुष कमरेचं माप सांगताना खोटं बोलतात आणि घेताना पोट आत ओढतात. माणूस समोर उभा राहिला पाहिजे, हात सैल सोडून, श्वास सोडून, आणि मी त्याच्याभोवती टाचण्या तोंडात धरून फिरले पाहिजे.

बकलं माझ्याकडे आहेत. मागची खोली रिकामी आहे. मिरियमलाही घेऊन ये.

तुझी बहीण,
इशबेल